तार ठिसूळ कोणी केली?

दुचाकीच्या साइड स्टँडला एक स्प्रिंग असते. ज्यांच्याकडे गाडी आहे ते ती रोज पाहतात, पण तिच्याकडे लक्ष मात्र कोणाचेच जात नाही. बोटभर लांबीची ही स्प्रिंग स्टँडला वर ओढून धरते. ती धावत्या गाडीवर तुटली तर स्टँड खाली लोंबकळतो, डावीकडे वळताना रस्त्याला टेकतो आणि गाडी चालवणाऱ्याला फेकून देतो. चार-दोन रुपयांची तार, पण तिच्या भरवशावर माणूस बायको-पोरांना मागे बसवून निघतो.

अशाच स्प्रिंगचा एक लॉट २०१३च्या पावसाळ्यात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तुटला. आणि तोही गाडीवर नव्हे, खोक्यात! कोणी हात लावलेला नाही, कोणी ताणलेला नाही. माल बांधून ठेवला होता. शनिवारी खोकी उघडली तर दोनशेहून अधिक नगांचे हुक मोडून पडलेले. ज्या कामगाराने तो लॉट प्लेटिंगच्या टाकीतून काढला होता, त्याला आरोपपत्र मिळाले. 'अॅसिडमध्ये माल प्रमाणाबाहेर ठेवून ठिसूळ केला व कंपनीचे नुकसान केले.' खातेनिहाय चौकशी झाली. चौकशी अधिकारी कंपनीचाच, साक्षीदार कंपनीचेच. सोळा वर्षांची नोकरी एका कागदावर संपली.

ते गृहस्थ "जयभीम वकीलसाहेब" म्हणत आमच्या कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत सात तुटक्या स्प्रिंगा. आम्ही आरोपपत्र मागितले. त्यांनी आधी स्प्रिंगा टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "साहेब, कागद नंतर बघा. आधी हे बघा. हे असं खोक्यात पडल्या पडल्या का मोडलं, ते मला कुणीच सांगत नाही."

आम्ही पेशाने वकील. आम्हाला कागद कळतो, कलम कळते, तारखा घेणे कळते. पोलाद कळत नव्हते. येथे एक कबुली देणे आम्हास आवश्यक वाटते. आमच्या चळवळीतील आम्ही बरेच वकील कामगारांची प्रकरणे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर लढवतो. चौकशी निष्पक्ष नव्हती, प्रत दिली नाही, संधी दिली नाही, वगैरे. ते खरेच असते. पण कित्येकदा कंपनी पुन्हा नव्याने चौकशी सिद्ध करते आणि मूळ आरोपाला उत्तर द्यायची वेळ आली की आमच्याजवळ उत्तर नसते, कारण ज्या यंत्रावर, ज्या टाकीवर आमचा माणूस आयुष्य घालवतो ते यंत्र आम्ही कधी समजून घेतलेले नसते. कंपनीचा अभियंता साक्षीला उभा राहून चार इंग्रजी शब्द फेकतो आणि आम्ही गप्प बसतो. या प्रकरणात आम्ही गप्प बसायचे नाही असे ठरवले. त्यासाठी जे शिकलो ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या वस्त्यांमधील आयटीआय झालेली कितीतरी मुले आज भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज येथे अशाच टाक्यांवर आणि भट्ट्यांवर उभी आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी.

स्प्रिंगची तार म्हणजे साधी बांधायची तार नव्हे. बांधायची तार मऊ. वाकवली की वाकते आणि वाकलेलीच राहते. स्प्रिंगच्या तारेने वाकून परत मूळ जागी यायचे असते, लाखो वेळा. त्यासाठी तिच्यात कार्बनचे प्रमाण जास्त असते. सळई लाल तापवून वितळलेल्या शिशाच्या कुंडातून, साधारण पाचशे अंशांवर, पार करतात. त्यामुळे पोलादाची आतली घडण बारीक आणि चिवट होते. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये या रीतीचे पेटंट घेतले, म्हणून कारखान्यात आजही त्या क्रियेला 'पेटंटिंग' म्हणतात. त्यानंतर तार थंड अवस्थेतच एकामागून एक लहान होत जाणाऱ्या डायमधून ओढतात. जितकी ओढावी तितकी तिची ताकद वाढत जाते. भारतीय मानक आयएस ४४५४ मध्ये अशा तारेच्या एसएल, एसएम, एसएच, डीएम, डीएच अशा श्रेणी दिलेल्या आहेत. दोन मिलिमीटर जाडीच्या एसएच तारेची ताणशक्ती १९८० मेगापास्कलच्या पुढे असते. साध्या भाषेत सांगायचे तर, पेन्सिलीतल्या शिशाएवढी ती तार सहाशे किलोचे ओझे सरळ लोंबकळत धरू शकते.

पण या ताकदीची किंमत असते. मऊ लोखंडावर ओरखडा पडला तर ते थोडे ताणून घेते, सोसून घेते. अतिशय ताकदीचे पोलाद सोसून घेत नाही. त्याच्यात लहानशी चीर पडली तर ती पुढे धावत सुटते. म्हणून स्प्रिंगच्या कारखान्यात ठिसूळपणा टाळणे म्हणजे कोणती एखादी पुडी टाकणे नव्हे. तार गोदामात आल्यापासून खोक्यात बांधली जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर तिला सांभाळणे होय. आणि सांभाळणे हे कोणा एकट्या कामगाराचे काम नसते.

काही ठिसूळपणा तार येतानाच घेऊन येते. डायमध्ये वंगण कमी पडले तर घर्षणाने तारेची वरची पातळशी साल क्षणभर तापून लगेच थंड होते आणि काचेसारखी कडक होते. डोळ्यांना ती दिसत नाही. वळवताना तिथून चीर पडते. बारीक तार तिच्याच जाडीच्या दांड्याभोवती गुंडाळून पाहिली, पीळ देऊन पाहिली, तर असे दोष बहुधा उघडे पडतात. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि कॉइल यंत्रावर चढवण्याआधीच करायची असते. आमच्या पक्षकाराच्या कारखान्यात ती पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर सोडलेली होती. असो, त्या लॉटची तार त्या बाबतीत चांगली निघाली, म्हणून तेथे जास्त थांबत नाही.

दुसरा टप्पा कॉइलिंगचा. सरळ तार यंत्रात जाते आणि वेटोळे होऊन बाहेर पडते. ती बळजबरीने वाकवलेली असते. वाकवल्यानंतर तिच्या आत ताण कोंडून राहतो, विशेषतः वेटोळ्याच्या आतल्या अंगाला आणि हुकाच्या वळणावर. हा कोंडलेला ताण काढण्यासाठी कॉइलिंग झाल्या झाल्या स्प्रिंग भट्टीत घालतात. कारखान्यात याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणतात. थंड ओढलेल्या तारेला साधारण २३० ते २६० अंश, अर्धा तास. कमी तापवले तर ताण राहतो. फार तापवले तर ओढून ओढून कमावलेली ताकद उतरते. हुक भट्टीच्या आधी वळवायचे, नंतर नव्हे, कारण या तापमानावर तारेची ताकद किंचित वाढते आणि वाकण्याची तयारी किंचित कमी होते. क्रोम-सिलिकॉनची तार असेल तर आणखी घाई. ती वळवून रात्रभर तशीच टोपलीत ठेवली तर सकाळी आपोआप तडकलेली सापडू शकते. ज्या कारखान्यात कॉइलिंगचे यंत्र एका शेडमध्ये आणि भट्टी दुसऱ्या शेडमध्ये असते, तेथे ही घाई कोणी करायची, हा प्रश्न कोणाच्याही कामाच्या यादीत नसतो.

आता मुख्य गोष्ट. टाकी.

स्प्रिंगला गंज लागू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा म्हणजे झिंकचा थर चढवतात. थर चढवण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ हवा, म्हणून ती हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवतात. अॅसिड गंज खाते आणि गंज संपला की लोखंड खाऊ लागते. लोखंड आणि अॅसिड भेटले की हायड्रोजन निघतो. जुन्या शालेय पुस्तकांत त्याला उद्जन म्हणत. बुडबुडे दिसतात ते त्याचेच. पण सगळा हायड्रोजन बुडबुडा होऊन वर जात नाही. हायड्रोजनचा अणू अगदी लहान. जोडी जमायच्या आत त्यातले काही अणू सुटेच पोलादात शिरतात. नंतर प्लेटिंगच्या टाकीत स्प्रिंगला ऋण टोक जोडतात आणि वीज सोडतात. तेथेही सगळी वीज जस्त चढवण्यात जात नाही, काही भाग हायड्रोजन तयार करण्यात जातो, आणि तोही स्प्रिंगच्याच अंगावर. म्हणजे एकाच पाळीत दोन वेळा ही बाधा होते.

आत शिरलेला हायड्रोजन स्वस्थ बसत नाही. जेथे ताण जास्त तेथे तो सरकत सरकत गोळा होतो. स्प्रिंगमध्ये ती जागा म्हणजे हुकाचे वळण. पुरेसा जमला की पोलादाच्या कणाकणांतले बंध सैल पडतात आणि एक चीर उघडते. हायड्रोजन चिरेच्या टोकाकडे धावतो, चीर पुढे जाते. यास काही तास लागतात, कधी काही दिवस. म्हणून टाकीतून काढल्याबरोबर तपासले तर स्प्रिंग पास होते. निरीक्षक सही करतो. आणि मग ती खोक्यात, अंधारात, कोणीही जवळ नसताना मोडते. आमच्या पक्षकाराला जे कोडे पडले होते, "पडल्या पडल्या का मोडलं", त्याचे उत्तर एवढेच होते.

हे काही काल-परवाचे ज्ञान नाही. विल्यम जॉन्सन या इंग्रज गृहस्थाने १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात यावर निबंध प्रसिद्ध केला. लोखंडाची तार काही मिनिटे अॅसिडमध्ये ठेवली की ती पूर्वीसारखी वाकत नाही, तुटते. आणि तुटलेल्या टोकाला ओल लावली की तेथून बुडबुडे फसफसतात, हे त्याने पाहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा बिघाड कायमचा नसतो, काळ गेला की तारेचा चिवटपणा परत येतो, हेही त्याने नोंदवले. म्हणजे रोग आणि उतारा दोन्ही जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एकाच निबंधात आलेले आहेत. तरीही भोसरीतल्या एका कामगाराची नोकरी या रोगापायी जाते, ती अज्ञानामुळे जाते असे आम्हाला वाटत नाही.

उतारा म्हणजे बेकिंग. प्लेटिंग झाल्यावर माल १९० ते २२० अंशांवर ठेवायचा. त्या उष्णतेत हायड्रोजन चपळ होतो आणि पोलादातून बाहेर निघून जातो. पण अट अशी की तीन-चार तासांच्या आत माल भट्टीत गेला पाहिजे, जितक्या लवकर तितके बरे. आणि किती वेळ ठेवायचा? तर आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत. पोलाद जितके ताकदीचे तितका वेळ जास्त. झिंकचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्याच्यातून हायड्रोजन हळू निघतो, म्हणून वेळ लागतो. तासाभराचे बेकिंग म्हणजे केवळ कागदावर टिकमार्क. आणि उशीर झाला, आत चीर पडली, तर नंतर चोवीस काय अठ्ठेचाळीस तास भाजा. हायड्रोजन जाईल, चीर भरून येणार नाही.

येथे वाचक विचारतील, इतके सोपे आहे तर करत का नाहीत? याचे उत्तर रंगात आहे. झिंकवर पुढे पॅसिव्हेशन करतात. तो पिवळसर झळाळणारा रंग त्याचाच, आणि गंज रोखण्याचे अर्धे काम तोच करतो. पण पिवळे पॅसिव्हेशन साठ-सत्तर अंशांच्या वर तापले की त्याची गंज रोखण्याची शक्ती जाते. म्हणून योग्य क्रम असा: आधी झिंक, मग बेकिंग, मग पुन्हा टाकीवर आणून पॅसिव्हेशन. म्हणजे माल टाकीवरून उतरवा, भट्टीत घाला, दिवसभर थांबा, परत बॅरलमध्ये भरा, परत धुवा. दुप्पट हाताळणी, दुप्पट मजुरी, विजेचे बिल वेगळे. प्लेटिंगचा दर मात्र किलोवर ठरलेला. मग काय करतात, तर एकाच फेरीत झिंक आणि पॅसिव्हेशन उरकतात आणि रंग फार उतरू नये म्हणून भट्टी मंद ठेवून थोडा वेळ 'बेकिंग' करतात. कागदावर बेकिंग झाले, ग्राहकाला रंगही मिळाला. हायड्रोजन जागच्या जागी.

आम्ही न्यायालयामार्फत कंपनीकडून दोन कागद मागवले. एक त्या लॉटचे जॉब कार्ड आणि दुसरा भट्टीच्या तापमानाचा चार्ट. वकिली भाषेत याला दस्तऐवज हजर करविणे म्हणतात, आणि कंपनीने ते हजर करायला चौदा महिने लावले. पण आले. जॉब कार्डावर प्लेटिंग व पॅसिव्हेशन संपल्याची वेळ होती बुधवार सायंकाळी ६.४०. भट्टीत माल घातल्याची वेळ होती शुक्रवार सकाळी ८.१५. मधल्या दिवशी काय झाले? पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, हे तिकडे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे माल साडेसदतीस तास तसाच पडून होता. चार्टवर तापमान होते १३० अंश, वेळ दोन तास.

कंपनीचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख साक्षीला आले. सरतपासणीत त्यांनी अॅसिडवर मोठे व्याख्यान दिले. आमच्या उलटतपासणीचा थोडा भाग येथे देतो.

"जॉब कार्डावरची सही कोणाची?"

"माझी."

"तुमच्या कंपनीच्याच लेखी कार्यपद्धतीत प्लेटिंगनंतर किती तासांत भट्टीत घाला असं लिहिलंय?"

"चार."

"मग साडेसदतीस का झाले?"

"गुरुवार होता. सुट्टी होती."

"हायड्रोजनलाही गुरुवारची सुट्टी असते का?"

विरुद्ध वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी प्रश्न मागे घ्यायला सांगितला, आम्ही घेतला. पण उत्तर द्यायला साक्षीदाराकडे काही नव्हते. सुट्टीच्या दिवशी भट्टी लावायची तर दोन माणसांना जादा दराने बोलवावे लागते. बुधवारी सायंकाळी लॉट टाकीवर चढवायचाच नव्हता, हा दुसरा मार्ग होता. पण शनिवारी माल पाठवायचा होता. वेळापत्रक टाकीवरच्या माणसाने ठरवले नव्हते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना आम्ही थोडे अडखळतो. आमच्या पक्षकाराने साक्ष देताना स्वतःहून सांगितले की, त्या दिवशी माल अॅसिडमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला होता. दहा मिनिटांऐवजी पंचवीस. हे ते बोलतील असे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही खाली मान घालून टिपणे काढत राहिलो. क्षणभर वाटले, सोळा वर्षे गेली. न्यायाधीशांनी विचारले, का ठेवला? ते म्हणाले, "साहेब, माल गंजून आला होता. शेडला गळती होती, कॉइली भिजल्या होत्या. दहा मिनिटांत गंज निघेना. सुपरवायझरला सांगितलं, तर ते म्हणाले, निघेपर्यंत ठेव."

जास्त वेळ अॅसिडमध्ये ठेवणे चूकच. जास्त हायड्रोजन शिरतो, यात शंका नाही. कंपनीचे म्हणणे निव्वळ खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या पंधरा मिनिटांतला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठीच तर बेकिंग असते! अॅसिडची पंधरा मिनिटे आणि भट्टीआधीचे साडेसदतीस तास यांत तारेवर कोणाचा भार जास्त, एवढाच प्रश्न होता. आणि गंज मुळात का आला, हा त्याच्याही आधीचा. ज्याच्या हातात शेवटी टोपली होती त्याच्यावर आरोप आला. टोपली हातात येण्याआधीचे कोणीच आरोपी नव्हते.

पिशवीतल्या सातपैकी तीन स्प्रिंगा आम्ही धातुशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नेल्या होत्या. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला भाग दाखवला. चांगली तार ताणून तुटली तर तिचा मोड खळगे-खळग्यांचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो. आमच्या स्प्रिंगचा मोड मात्र खडीसाखरेसारखा, पैलू पैलूंचा. पोलादाचे कण एकमेकांपासून सुटून आलेले. प्राध्यापकांनी न्यायालयात येऊन तसे सांगितले. हातोडा मारून, ताणून किंवा आपटून मोडल्यास असा मोड दिसत नाही, हेही सांगितले. कंपनीने आधी 'हाताळताना मोडतोड' असाही एक पर्यायी आरोप ठेवला होता, तो येथे गळून पडला.

त्यांनीच आम्हाला अमेरिकेचे एक उदाहरण दिले. सॅन फ्रान्सिस्को ते ओकलंड हा नवा पूल बांधताना मार्च २०१३ मध्ये, म्हणजे आमच्या प्रकरणाच्या चारच महिने आधी, एका खांबावरचे जाडजूड पोलादी रॉड ताणून बसवले गेले. ९६ पैकी ३२ रॉड काही दिवसांतच आपोआप तुटले. तीन इंच जाडीचे, जस्त चढवलेले, ताकदीचे रॉड. कारण तेच, हायड्रोजन. फरक इतकाच की तेथील हायड्रोजनमध्ये वर्षानुवर्षे भोकांत साचलेल्या पाण्याचाही वाटा होता. तेथे पहिला प्रश्न विचारला गेला तो पोलाद कोणते मागवले होते आणि ते कसे ठेवले होते, हा. रॉड आवळणाऱ्या मजुराला आरोपपत्र दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

२०१८ मध्ये निकाल लागला. पुन्हा कामावर घेणे, सेवेची सलगता, आणि मागील पगार निम्मा. निम्मा का, तर त्या पंधरा मिनिटांमुळे. आम्ही अपील करू म्हटले. पक्षकार म्हणाले, नको. "निम्मी चूक माझी नव्हती, पण थोडी होती."

कामावर परत गेल्यावर त्यांना टाकीवर न देता भट्टीवर दिले गेले. बहुधा शिक्षा म्हणून, कारण मे महिन्यात भट्टीजवळ उभे राहणे काय असते ते उभे राहिलेल्यालाच कळते.

दरम्यान त्या कारखान्यात काही गोष्टी बदलल्या, हेही नोंदवले पाहिजे. गंज काढायला अॅसिडऐवजी शक्य तेथे शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा, सुरू झाला. त्यात हायड्रोजनचा संबंध येत नाही. तेल काढण्याच्या विजेच्या टाकीत आधी स्प्रिंगला ऋण टोक जोडत, ते उलटवून धन टोक जोडू लागले. मग स्प्रिंगवर हायड्रोजनऐवजी ऑक्सिजन सुटतो. सायनाइडचे झिंक जाऊन क्लोराइडचे आले, ज्यात विजेचा फार थोडा भाग हायड्रोजनवर वाया जातो. शिवाय टाकीवरच्या माणसाच्या डोक्यावरून सायनाइडचे भय गेले, ते वेगळेच. एका मोठ्या ग्राहकाने तर वीजप्लेटिंगच बंद करून झिंक फ्लेकचा लेप मागितला. तो बुडवून, फिरवून, भट्टीत भाजून चढवतात; वीज नाही, अॅसिडही टाळता येते. त्याला खर्च जास्त येतो. पण तो खर्च ग्राहकाने दिला. दर वाढवून मागता येतो, हे तोवर कारखानदाराला कोणी सांगितले नव्हते की त्याने मागितला नव्हता, देव जाणे. (देव आम्ही मानत नाही, म्हण म्हणून वापरली.)

आणखी एक साधी गोष्ट. प्रत्येक लॉटमधले काही नग एका चौकटीत ताणून दोन दिवस ठेवायचे आणि तोवर लॉट पाठवायचा नाही. हायड्रोजन असेल तर तो तेथे, कारखान्यातच बोलतो, रस्त्यावर नाही. याला ना यंत्र लागते ना अभियंता. लागतात दोन दिवस.

टाकीवर आणि भट्टीवर काम करणाऱ्या आमच्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू की, वेळ लिहून ठेवा. माल अॅसिडमध्ये कधी गेला, कधी निघाला, प्लेटिंग कधी संपले, भट्टीत कधी गेला, काटा कितीवर होता. कंपनीच्या कार्डावर लिहाच, पण खिशातल्या वहीतही लिहा. उशीर होत असेल तर सुपरवायझरला तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या आणि तिची एक प्रत ठेवा. आमच्या पक्षकाराजवळ अशी चिठ्ठी असती तर पाच वर्षांचे प्रकरण कदाचित पाच महिन्यांचे झाले असते, आणि पगारही पूर्ण मिळाला असता.

ते गृहस्थ गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते आम्हाला भेटायला आले आणि भट्टीवरची त्यांची वही दाखवली. सात वर्षांच्या नोंदी, निळ्या पेनाने, तारीखवार. एका बुधवारच्या पानावर फक्त एवढेच होते: 'सायं. ५.५० ला लॉट आला. उद्या सुट्टी. घेतला नाही, परत पाठवला. चिठ्ठी दिली.'